परकी चव, आपले ताट

माणूस कोण आहे हे त्याच्या ताटावरून ठरवण्याची सवय फार जुनी आहे. पाहुण्याला ओटीवर बसवायचे, माजघरात न्यायचे की अंगणातूनच निरोप द्यायचा, हे एके काळी तो काय खातो आणि कोणाच्या हातचे खातो यावरून ठरत असे. काळ पालटला, ओटीवरचे ते भेद पुष्कळसे पुसट झाले; पण प्रश्न मिटलेला नाही. तो आता उंबरठा ओलांडून थेट आपल्या चुलीपाशी येऊन बसला आहे.

देवगड, कुणकेश्वर, मालवण या किनाऱ्यावर आम्हां ख्रिस्ती कुटुंबांची घरे थोडी आणि विखुरलेली आहेत. घराघरांतून कोणी मुंबईस, कोणी आखातात, कोणी बोटीवर गेलेले. ही माणसे सुट्टीत परत येतात ती नव्या चवी जिभेवर घेऊन. जी घराबाहेर गेली नाहीत, त्यांनाही त्या चवी दूरदर्शन संचावर आणि मोबाइलच्या पडद्यावर दिसतात. मग एखाद्या रविवारी माशाच्या कालवणाऐवजी स्पेनमधले 'तापास' करण्याचा बेत ठरतो. तरुण मंडळी उत्साहाने लसूण सोलू लागतात. आजी मात्र कोपऱ्यातून म्हणते, "ह्या काय आपला जेवाण न्हय." नातवंडे उत्तर देतात की अन्नाला देश नसतो आणि धर्मही नसतो. दोघांच्या बोलण्यात काही तथ्य आहे. परदेशी पदार्थ आपल्या घरी रांधताना आपण नक्की काय करत असतो? आपले काही गमावतो, दुसऱ्याचे काही उचलतो, की आपले घर थोडे मोठे करतो? प्रश्न स्वयंपाकाचा वाटतो, पण त्याचे मूळ नीतीत आहे.

प्रथम या तापासची ओळख करून घेऊ. स्पॅनिश भाषेत 'तापा' म्हणजे झाकण. पेल्यावर झाकण म्हणून ठेवलेला पावाचा किंवा मांसाचा तुकडा, यावरून हे नाव पडले असे सांगतात. कोणत्या राजाने ही चाल पाडली याच्या कथा अनेक आहेत, आणि त्या कथा म्हणूनच ऐकाव्यात. तापास हा एक पदार्थ नव्हे, ती खाण्याची रीत आहे. लहान लहान बशा, प्रत्येकीत दोन-चार घास, भोवती मित्र वा आप्त, आणि सर्वांचे हात एकाच बशीकडे. ग्रानादा शहरात आजही पेयाबरोबर अशी एक बशी वेगळे पैसे न घेता पुढे ठेवण्याची पद्धत आहे.

यातले बरेच पदार्थ आपल्या स्वयंपाकघरात सहज होतात. स्पेनचा 'तोर्तिया' म्हणजे बटाट्याचे जाड ऑम्लेट. अर्धा किलो बटाटे, १ कांदा, ५-६ अंडी, मीठ आणि तेल एवढेच साहित्य. बटाट्याचे पातळ काप कांद्यासह भरपूर तेलात मंद आचेवर, लाल होऊ न देता, मऊ शिजवायचे. तेल निथळून ते फेटलेल्या अंड्यांत १० मिनिटे मुरू द्यायचे. मग तव्यावर ओतून खालची बाजू धरली की वर ताटली झाकून उलटवायचे. कोळंबीचा प्रकार त्याहून सोपा. तेलात लसणाचे काप आणि सुकी मिरची मंद परतायची, कोळंबी टाकायची आणि ती गुलाबी होताच उतरवायची. कोळंबी जास्त शिजवली की चिवट होते, हे आपल्या किनाऱ्यावर कोणाला सांगावयास नकोच. 'क्रोकेता' म्हणून जे तळलेले गोळे असतात, ते मुळात आदल्या दिवशीचे उरलेले मांस दुधा-मैद्याच्या दाट मिश्रणात घालून केलेले. कातालोनिया प्रांतात पावाच्या कापावर पिकलेला टोमॅटो चोळून वर तेल व मीठ घालतात. शिळा, वाळलेला पाव मऊ करण्याची ती युक्ती.

येथे एक गोष्ट ध्यानात यावी. मोठ्या शहरांतील उपाहारगृहांत हे पदार्थ ऐटीचे म्हणून मांडले जातात. त्यांच्या मायदेशी ते काटकसरी गृहिणीच्या हातचे आहेत. उरलेले वाया जाऊ न देणे आणि थोडे असले तरी सर्वांना पुरवणे, ही त्यांची जन्मकथा आहे. रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकणाऱ्या आपल्या आयांना त्या गृहिणीची ओळख करून द्यावी लागणार नाही.

आता आजीच्या वाक्याकडे वळू. 'आपले' जेवण म्हणजे कोणते? महाशिवरात्रीला कुणकेश्वराच्या यात्रेस हजारो भाविक येतात. समुद्राच्या लाटा जेथे मंदिराच्या पायाशी येतात, तेथे दिवसभर उपवास चालतो. उपवासाच्या ताटात काय असते? साबुदाण्याची खिचडी, उकडलेली रताळी, बटाटा, शेंगदाण्याचे कूट, हिरवी मिरची. यांतील एकही वस्तू मुळात या भूमीची नाही. बटाटा, रताळे, भुईमूग, मिरची आणि ज्या कासावा कंदापासून आज साबुदाणा होतो तो कंद, ही सारी पिके अमेरिका खंडातली. १४९२ मध्ये कोलंबस तिकडे पोहोचला आणि १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला. त्यानंतरच्या काळात समुद्रमार्गांनी ही पिके जगभर पसरली. तामिळनाडूतील सेलम भागात कासाव्यापासून साबुदाणा करण्याचा उद्योग तर १९४०च्या दशकातला. ज्या समुद्रवाटांनी आमच्या पूर्वजांकडे ख्रिस्ताचे नाव आले, त्याच वाटांनी आमच्या शेजाऱ्यांच्या उपवासाचे ताटही आले. ते ताट त्यामुळे कमी पवित्र झाले असे कोण म्हणेल? पिढ्यान्‌पिढ्यांच्या श्रद्धेने ते पवित्र झाले आहे.

भाषाही हीच साक्ष देते. बटाटा, पाव, काजू, अननस, पपई, कोबी हे शब्द पोर्तुगीजांकडून मराठीत आले. ज्या आंब्यावर देवगडचे नाव चालते आणि ज्याला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्या हापुसाचे नावच 'अफोन्सो' या पोर्तुगीज नावावरून पडले. मिरचीची गोष्ट तर आणखी गमतीची. नवे तिखट फळ हाती आले, तेव्हा आपल्या लोकांनी ओळखीच्या मिऱ्यावरून त्याला मिरची म्हटले. स्पॅनिश लोकांनीही नेमके तेच केले. त्यांच्याकडे मिरे म्हणजे 'पिमिएंता' आणि मिरची म्हणजे 'पिमिएंतो'. एकमेकांस न विचारता दोन दूरच्या समाजांनी परक्या वस्तूला एकाच रीतीने घरचे नाव दिले.

आणि स्पेन तरी शुद्ध कोठे आहे? ७११ ते १४९२ या काळात त्या देशाच्या लहानमोठ्या भागांवर मुसलमानांचे राज्य होते. तापासमधल्या मांसाच्या गोळ्यांचे 'आल्बोंदिगास' हे नाव अरबी मुळाचे. तेल, तांदूळ, साखर यांची स्पॅनिश नावेही अरबीतूनच आलेली. त्यांचा 'नारांहा' म्हणजे संत्रे हा शब्द तर आपल्या 'नारंग' या संस्कृत शब्दापासून निघून इराण व अरबस्तानातून तिकडे पोहोचला. तेव्हा 'हे आमचे आणि ते त्यांचे' अशी रेघ स्वयंपाकघरात ओढू म्हटले, तर खडू टेकवावा कोठे हेच कळेनासे होते.

पण येथेच थांबून 'सारे काही मिसळलेलेच आहे, मग काहीही करा' असा निष्कर्ष काढणे आम्हांस मान्य नाही. अन्न मिसळत आले हे खरे. परंतु त्याच अन्नावरून माणसे तोडली गेली, हेही तितकेच खरे आहे. त्या इतिहासात आपल्या ख्रिस्तसभेचाही वाटा आहे.

स्पेनमध्ये १५व्या शतकाच्या अखेरीस धर्मन्यायालय स्थापन झाले. ज्यू धर्म सोडून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांवर तेव्हा शेजाऱ्यांची नजर असे. मांस डुकराच्या चरबीऐवजी तेलात कोण परततो, डुकराचे मांस कोण टाळतो, शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी शनिवारचे जेवण चुलीवर कोण ठेवतो, याच्या चहाड्या होत. गोव्यात धर्मन्यायालय १५६० मध्ये आले. त्याच्या १७३६ च्या हुकूमनाम्यात नवख्रिस्तींना मनाई केलेल्या चालीरीतींची लांबलचक यादी आहे, आणि हिंदूंप्रमाणे मीठ न घालता भात शिजवणे हीही त्यात आहे. भातात मीठ शिजताना घातले की नंतर घेतले, यावरून श्रद्धा तपासली जावी! चूल ही साक्षीदार झाली आणि स्वयंपाक करणारी बाई आरोपी. २००० सालच्या १२ मार्च रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये, सत्याच्या सेवेच्या नावाखाली ख्रिस्तसभेच्या लेकरांनी अवलंबलेल्या असहिष्णु मार्गांबद्दल देवाची क्षमा मागितली. ती क्षमायाचना आठवताना आम्हांस तो भातही आठवतो.

दुसरी बाजूही निर्दोष नव्हती. १८९० मध्ये पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानास गेली असता त्यांच्यापुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक हे त्या मंडळींत होते. चहाला हात लावल्याची यादी वृत्तपत्रात प्रसिद्ध होताच ग्रामण्य झाले आणि प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेले. एक पेला चहा, तो पाजणारा ख्रिस्ती, एवढ्यावरून एवढ्या थोर माणसांना जातीबाहेर करण्याची भाषा झाली. आज त्याच महाराष्ट्रात वडापाव हे सर्वांचे अन्न आहे. पाव परका राहिला नाही. पण तो आपला होईपर्यंत त्याने किती घरे दुभंगलेली पाहिली!

कुणकेश्वराच्या मंदिराबाबतची दंतकथा या सर्वांपेक्षा अधिक बोलकी आहे. एक परदेशी मुसलमान व्यापारी वादळात सापडला. किनाऱ्यावरच्या दिव्याच्या आधाराने तो वाचला, आणि केलेल्या नवसाप्रमाणे त्याने तेथे मंदिर उभारले. मंदिर पूर्ण झाले, तेव्हा त्याला उमगले की या कृत्यानंतर आपले लोक आपल्याला परत घेणार नाहीत. त्याने मंदिरावरून उडी घेऊन प्राण दिला. तेथे त्याचे थडगेही दाखवतात. ही कथा इतिहास म्हणून आम्ही सांगत नाही. पण ज्या किनाऱ्याने ती शतकानुशतके जपली, त्याला एक दुःख नक्की ठाऊक होते: दुसऱ्याच्या दारी कृतज्ञ होणाऱ्या माणसाला कधीकधी स्वतःच्या घरी जागा उरत नाही.

पवित्र शास्त्रात हाच प्रश्न एका समुद्रकाठच्या घरात उभा राहतो. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या १०व्या अध्यायात संत पेत्र योप्पा येथे शिमोन चांभाराच्या घरी उतरले आहेत. दुपारची वेळ, भूक लागलेली, खाली जेवणाची तयारी चाललेली. त्या वेळी गच्चीवर त्यांना दर्शन होते. आकाशातून उतरलेल्या चादरीत निषिद्ध मानलेले सर्व प्राणी आहेत, आणि ते खाण्याची आज्ञा होते. पेत्र नकार देतात. देवाने शुद्ध केलेल्याला अशुद्ध मानू नकोस, असे त्यांना तीनदा बजावले जाते. ते या दर्शनाचा अर्थ शोधत असतानाच दारात कर्नेल्य या रोमन शताधिपतीची माणसे येऊन उभी राहतात. तेव्हा पेत्रांना उलगडा होतो. जेवणाच्या निमित्ताने देव त्यांच्याशी माणसांविषयी बोलत होता. परक्याच्या घरात पाऊल टाकता यावे, म्हणून आधी ताटाची भीती घालवावी लागली.

आणि पवित्र शास्त्राचा प्रामाणिकपणा असा, की पुढचे अपयशही ते लपवत नाही. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात संत पौल सांगतात की अंत्युखियात हेच पेत्र परजातीयांबरोबर जेवत असत. पण यरुशलेमहून काही मंडळी येताच लोकभयाने त्यांनी त्या पंक्तीतून अंग काढून घेतले. पौलांनी त्यांना सर्वांसमक्ष दोष दिला. दर्शन घडलेल्या माणसाचीही ही गत, तर तुमच्या-आमच्यासारख्यांनी सावध राहायला हवे. तेच पौल करिंथकरांना मात्र वेगळे सांगतात: आपल्या खाण्याने एखाद्या दुर्बल बंधूला ठेच लागत असेल, तर आपण मांस कधीच खाणार नाही. एका ठिकाणी ते सर्वांबरोबर जेवण्याचा आग्रह धरतात, दुसऱ्या ठिकाणी न खाण्याची तयारी दाखवतात. यात विसंगती नाही. दोन्हीकडे ताटापेक्षा समोरचा माणूस त्यांना मोठा वाटतो.

हा विचार आपल्या चुलीपाशी नेला म्हणजे काय दिसते? पदार्थ कोणत्या देशाचा, हा प्रश्न फारसा महत्त्वाचा उरत नाही. तो कोणासाठी, कोणाच्या श्रमावर आणि कोणाला विसरून केला, हे विचारावे लागते.

पहिली कसोटी शेजाऱ्याची. नाताळला आपल्याकडून नेवऱ्या, कुलकुल, दोदोल यांचे ताट शेजारी जाते. दिवाळीला त्यांच्याकडून फराळ येतो. ही देवाणघेवाण विश्वासावर चालते. आता त्या ताटात आपण नवे परदेशी पदार्थ ठेवू लागलो, की त्यांत काय आहे हे शेजाऱ्याला ओळखता येत नाही. केकमध्ये अंडे आहे, पुडिंगमध्ये वाइन आहे, क्रोकेतात डुकराचे मांस आहे, हे पाहून कळत नाही. "देऊन तर पाहा, त्यांना कळणारसुद्धा नाही," असे हसत म्हणणारी तरुण मुले आम्ही पाहिली आहेत. त्यांना ती निरुपद्रवी थट्टा वाटते. आमच्या मते ती गंभीर चूक आहे. दुसऱ्याच्या नियमावर आपला विश्वास नसेल; पण तो मोडायचा की पाळायचा हे ठरवण्याचा अधिकार त्याचा आहे. गोव्याच्या धर्मन्यायालयाने बळाने जे केले, तेच ही थट्टा चोरून करते. दोघांनाही समोरच्याची सदसद्विवेकबुद्धी क्षुल्लक वाटते. म्हणून ताट देताना त्यात काय आहे ते स्वच्छ सांगावे. श्रावणात वा एकादशीला येणाऱ्या पाहुण्यासाठी कोळंबी बाजूला ठेवून टोमॅटो चोळलेला पाव किंवा नुसते बटाटे करावे, आणि उपवास असेल तर तेही करू नये. तापास लहान बशांची रीत असल्याने येथे उलट सोय आहे. प्रत्येकाला त्याची बशी निवडता येते.

दुसरी कसोटी श्रमाची. रविवारी घरातला मुलगा वा नवरा तोर्तिया उलटवतो, तेव्हा सगळे घर कौतुकाने गोळा होते, छायाचित्रे निघतात. त्याच घरात ३६५ दिवस पेज, कालवण, भाकरी, घावणे करणाऱ्या हातांचे छायाचित्र कोणी काढत नाही. आणि रविवारच्या त्या समारंभाची तेलकट भांडीही पुष्कळदा त्याच हातांकडे जातात. करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळी काही जण आधीच तृप्त होत आणि काही उपाशी राहत, म्हणून पौल संतापले होते. कौतुकाच्या बाबतीतही असे उपाशी राहणे असते. परदेशी पदार्थाच्या निमित्ताने पुरुष चुलीपाशी आले, तर ते स्वागतार्हच; मात्र त्यांनी मोरीपर्यंतही यावे आणि सोमवारीही यावे.

तिसरी कसोटी दिखाव्याची. ऑलिव्हचे तेल महाग आहे म्हणून पदार्थ टाळण्याचे कारण नाही, आणि ते हवेच म्हणून महिन्याचे गणित बिघडवण्याचेही नाही. स्पेनमधल्या गृहिणीने ऑलिव्हचे तेल वापरले, कारण ते तिच्या अंगणात पिकत होते. आपण शेंगदाण्याचे तेल वापरले, त्यांच्या लाल मिरचीपुडीऐवजी रंग देणारी, बेताची तिखट बेडगी मिरची घेतली, तर आपण तिच्या रीतीशी प्रामाणिकच राहतो. नावापुरते खरे बोलावे, एवढेच. 'हा आमच्या घरचा तोर्तिया' म्हणण्यात कमीपणा नाही. आपल्या घरांतला विंदालूही असाच जन्मला. पोर्तुगीजांचे वाइन-लसणात मुरवलेले मांस आपल्या किनाऱ्यावर आले, तेथे वाइनच्या जागी माडीचा शिर्का आला, मिरची आणि मसाला आला, आणि पाहुणा घरचा झाला.

चौथी कसोटी विस्मरणाची, आणि येथे आजीचे म्हणणे आम्ही शिरोधार्य मानतो. जो पदार्थ एक पिढी रांधत नाही, तो पुढच्या पिढीला केवळ नावाने उरतो. तोर्तियाची कृती आज कोठेही सापडेल. परंतु तिरफळ कोणत्या माशाला घालायचे, सोरपोतेल किती दिवस मुरू द्यायचे, सान्नांचे पीठ फुगले हे कशावरून ओळखायचे, हे ज्ञान आजीच्या हातात आहे आणि तिने ते कधी मोजलेले नाही. 'मूठभर' म्हणजे तिची मूठ. ती मूठ मिटण्यापूर्वी कोणीतरी शेजारी बसून, तराजू घेऊन, ते लिहून काढले पाहिजे. आम्ही एक साधा नियम सुचवतो: जेवढे परदेशी पदार्थ आपण शिकू, तेवढेच घरचे पदार्थ घरच्या वडीलधाऱ्यांकडून शिकावे. जी मुले स्पेनच्या गृहिणीची काटकसर कौतुकाने समजून घेतात, त्यांनी आपल्या आजीची काटकसर अडाणीपणा समजू नये.

हे चार प्रश्न विचारून झाले, की मग निर्धास्त मनाने चूल पेटवावी. लसूण सोलावा, बटाटे चिरावेत, आजीलाही एक बशी द्यावी आणि तिचे मत ऐकून घ्यावे. मीठ कमी आहे असे ती म्हणाली, तर बहुधा ते कमी असेलच. आणि टेबलावर बशा मांडून झाल्या, भोजनाची प्रार्थना म्हणण्याची वेळ झाली, की शेजारच्या घरी कोणी एकटे जेवत आहे काय, एवढे एकदा दाराबाहेर पाहून यावे.